नोकरी गेलीय, सरकारी कोर्स करायचाय? आधी हे बघ

अरे कोर्स नंतर शोध, आधी कंपनीकडून कामावरून कमी केल्याचं लेटर घे आणि त्यावरचं कारण नीट वाच, माझ्या लेटरवर चक्क 'राजीनामा' छापलं होतं, ते बदलून घेईपर्यंत पहिली बॅच हुकली. अर्जाची मुदतही बघ. बेकारी भत्ता मिळत असेल तर कोर्स सुरू झाल्यावर तो चालू राहतो की बंद होतो ते विचार, आणि उत्तर लेखी घे बरं का, तोंडी कोणीही काहीही सांगतं. मागच्या बॅचमधले किती जण कामाला लागले, कुठल्या कामाला, हेही सरळ विचारायचं, टाळाटाळ केली की समजून जा. आमच्यात 20 जणांत 7 कॉम्प्युटर होते, मी रोज अर्धा तास आधी जाऊन जागा धरायचो. हजेरी मात्र बुडवू नको, सर्टिफिकेट तिथेच अडकतं.