रोबोट आल्यावर वेल्डरच्या हाताचं काय होतं

भाऊ, तुम्ही विचारलंय, वाळूजला नऊ वर्षं हाताने सीओटू वेल्डिंग केलं, आता कंपनीत दोन रोबोट येतायत, तर आपली कला संपली का? मी याच वाटेनं गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी चांगलं सांगतो. धूर आणि पाठीची कळ कमी झाली. रात्री डोळ्यांवर बटाट्याचे काप ठेवून झोपणं थांबलं.

पण पहिले सहा महिने फार जड गेले. टेबलाच्या एका बाजूला रोबोट वेल्ड मारतो, तेवढ्यात दुसऱ्या बाजूला आपण जॉब लावायचा. हाताने करताना टाका संपला की हेल्मेट वर करून घडीभर दम खाता यायचा. इथं टेबल फिरलं की तुम्ही तयार पाहिजेच. त्यात पेंडंट, म्हणजे रोबोटला शिकवायचा हातातला रिमोट, इंजिनिअरच्या कपाटात कुलुपात. वीस वर्षं काम केलेला वेल्डर नुसता लावा-काढा करत होता, हे मला आजही खुपतं.

चित्र पालटलं एका ब्रॅकेटमुळं. बेंडिंगहून पत्रा दीड मिलीमीटर उघडा यायला लागला. असा गॅप दिसला की आपला हात वेल्डिंगची टॉर्च जरा हलवत तो भरून काढतो, वेगळा विचारही करावा लागत नाही. आमच्या रोबोटला जोड शोधणारा सेन्सर नव्हता. शिकवलेल्या रेषेवरच तो चालला आणि पत्र्याला भोकं पडली. इंजिनिअर करंट-व्होल्टेज बदलत बसला. भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज यायला हवा, तो फटफट येत होता. क्लॅम्प दाबूनही पत्रा बसत नाही, हे मी फिक्स्चरवर, म्हणजे जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, दाखवून दिलं. त्या दिवसापासून पेंडंट माझ्या हातात आलं.

त्याला भिऊ नका. पेंडंटच्या मागचं बटण अर्धं दाबलं तरच रोबोट हलतो. सोडलं किंवा दचकून घट्ट आवळलं तरी थांबतो. शिकवताना वेगही सेकंदाला 250 मिलीमीटरच्या आत असतो. पॉइंट देताना टॉर्चचा कोन किती, वायर किती बाहेर, कोपऱ्यावर किती थांबायचं, हे त्याला तुम्हीच सांगायचं. ते तुमच्या हाताला आधीच ठाऊक आहे.

म्हणून आत्ताच लेखी अर्ज द्या. मशीन बसवायला पुरवठादाराची माणसं येतील तेव्हा ट्रेनिंगला तुमचं नाव पाहिजे. ते दिवस हुकले की पुढं कुणी शिकवत नाही.

आणि रिवर्कचं, म्हणजे बिघडलेले जॉब हाताने दुरुस्त करायचं, काम सोडू नका. मी दोन वर्षं टॉर्च धरली नव्हती. गावी भावाच्या ट्रॉलीचा हूक जोडायला बसलो, तर टाका वाकडा गेला. लई वाईट वाटलं. तेव्हापासून आठवड्यातले दोन दिवस रिवर्क मी मागून घेतो.

तुमच्या रोबोटला सेन्सर आहे का, ते विचारून सांगा. नसेल तर फिक्स्चरचं आधी बघावं लागेल.