शिफ्ट सुरू होण्याआधी एजंटचं मशीन आणि फोन कनेक्शन तयार आहे की नाही, हे कसं तपासावं?

तुमची अडचण अशी दिसते : घरून काम करणारे एजंट रोज स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवतात, आकडे झकास असतात, तरी पहिल्याच कॉलला आवाज तुटतो. मी कॉल सेंटरच्या आयटी सपोर्टमध्ये काम करतो. माझं ऐकाल तर तो स्क्रीनशॉट मागणं आधी बंद करा.

आवाजाच्या कॉलला स्पीड फारसा लागतच नाही. सर्रास वापरला जाणारा जी.७११ कोडेक (आवाज डिजिटल करून पाठवायची पद्धत) धरला, तरी एका दिशेला साधारण ८७ केबीपीएस पुरतात. खरी गोम वेळेत असते. आवाजाचे सहसा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट. जे फार उशिरा पोचतं ते सॉफ्टफोन, म्हणजे कॉम्प्युटरवरचं फोनचं अ‍ॅप, सरळ टाकून देतो. व्हिडिओसारखं थांबून राहायची मुभा इथे नाही. म्हणून बघायचे ते हे आकडे : एका दिशेची लेटन्सी, म्हणजे पोचायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आत (आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस हेच सांगते), जिटर, म्हणजे त्या वेळेतला चढउतार, ३० मिलिसेकंदांच्या आत, पॅकेट लॉस, म्हणजे वाटेत हरवलेली पॅकेट, १ टक्क्याहून कमी. पिंगमध्ये दिसतो तो जाऊन-येऊन लागलेला वेळ, हे विसरू नका. आणि कॉल व्हीपीएनमधून (कंपनीच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाने) जाणार असतील तर मोजतानाही व्हीपीएन चालूच हवं. वाय-फायवर जिटर वाढत असेल तर लॅन केबल लावायला सांगा, बाकी उपाय नंतर.

पण आकड्यांपेक्षाही माझा भरवसा टेस्ट कॉलवर आहे. सॉफ्टफोनवर ‘रजिस्टर्ड’ दिसलं म्हणजे काम झालं असं एजंटांना वाटतं. त्याचा अर्थ एवढाच की सिग्नलिंग, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याचे संदेश (एसआयपी), सर्व्हरपर्यंत पोचतंय. आवाज आरटीपी नावाच्या दुसऱ्या प्रोटोकॉलने, वेगळ्या पोर्टवरून जातो, आणि तो फायरवॉलमध्ये अडकलेला असू शकतो. रिंग वाजते, कॉल उचलला जातो, पण एकालाच ऐकू येतं, अशी तक्रार आली की मी आधी राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेट कॉल सुरळीत जावेत म्हणून दिलेलं फीचर) बंद करायला लावतो. काम मदतनिसाचं, पण कैकदा घोळ तेच घालतं.

टेस्ट कॉल किमान मिनिटभर चालू द्या. ‘हॅलो, येतोय आवाज? ठीक’ म्हणून ठेवून दिला तर एक दोष हमखास निसटतो : कॉल उचलल्याची पोचपावती वाटेत हरवत असेल, तर कॉल ३२ सेकंदांच्या आसपास आपोआप कटतो. त्या मिनिटात होल्ड आणि ट्रान्सफरही करून बघा.

हेडसेट यूएसबीचाच द्या. ब्लूटूथवर माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा बहुतेकदा घसरतो. सॉफ्टफोनच्या सेटिंगमध्ये माइक आणि स्पीकर नावानिशी निवडून ठेवा. ‘डिफॉल्ट’वर सोडलं तर मॉनिटर किंवा डॉक जोडल्यावर विंडोज परस्पर दुसरंच उपकरण धरू शकतं. ब्राउझरमधला फोन असेल तर माइकची परवानगी बघा. अपडेट अर्धवट राहून रीस्टार्ट मागत असेल तर तो आदल्या दिवशीच उरकून घ्या.

हे सगळं लॉगिनच्या पंधरा मिनिटं आधी. आणि तक्रार आलीच तर एजंटने ‘आवाज नाही’ एवढंच न लिहिता कोणाला ऐकू येत नाही, पहिल्या सेकंदापासून की मध्येच, आणि केबल होती की वाय-फाय, हे लिहावं. निम्मा शोध तिथेच लागतो.