ऑथेल्लोतलं गाणं कापू नका, आणि फॉर्मचा तो रकाना आजच बघा

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचीच रडकथा कुणीतरी पुन्हा लिहून काढल्यासारखं वाटलं. स्पर्धेसाठी मराठीत शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो' बसवताय, वेळ पुरत नाही, म्हणून दिग्दर्शक ऑथेल्लोच्या बायकोचं, डेस्डेमोनाचं, विलोचं (विलो म्हणजे विरहाचं प्रतीक मानलेलं झाड) गाणं काढून तिथे रेकॉर्डेड पार्श्वसंगीत टाका म्हणतोय. शिवाय मूळ चाल वापरली तर परवानगीचं काय, हेही विचारलंय. कथानक तुम्हाला पाठ असणार, त्यात शिरत नाही.

गाण्याबद्दल माझं मत एकतर्फी आहे, आधीच सांगून ठेवतो. शेक्सपिअरकडे आपल्या सिनेमासारखं पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. जे वाजतं ते बहुतेक वेळा पात्रांनाही ऐकू येतं. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'त मंचाखाली शहनाईच्या जातीची वाद्यं वाजतात आणि पहाऱ्यावरचे शिपाई घाबरून एकमेकांना विचारतात, हे हवेत वाजतंय की जमिनीखाली? 'ज्यूलियस सीझर'मध्ये गाता गाता पोरगा लूशियस पेंगतो, ब्रूटस त्याच्या हातातलं वाद्य मोडू नये म्हणून हळूच काढून ठेवतो, आणि मग सीझरचं भूत येतं. दिग्दर्शक कदाचित ब्लॅकफ्रायर्सचं, म्हणजे शेक्सपिअरच्या कंपनीच्या छपराखालच्या नाट्यगृहाचं, नाव काढेल. तिथे संगीत वाजायचं हे खरं, पण अंकांच्या मध्ये, मेणबत्त्यांच्या काजळ्या झाडून होईपर्यंत. संवादाखाली सारखं व्हायोलिन नव्हे.

आता 'ऑथेल्लो'त संगीत कुणाच्या हातात आहे ते बघा. ऑथेल्लो आणि डेस्डेमोना भेटतात तेव्हा इयागो, ऑथेल्लोच्या मनात बायकोबद्दल संशय पेरणारा त्याचाच हाताखालचा अधिकारी, स्वतःशी म्हणतो, आत्ता सूर जुळलेत, पण या वाद्याच्या खुंट्या मी ढिल्या करणार. नंतर पेल्यांचा खणखणाट करत गातो कोण, तर तोच. ऑथेल्लोच्या दुय्यम अधिकाऱ्याला, कॅसिओला, दारू पाजायला. तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कॅसिओ वाजंत्री आणतो, तर ऑथेल्लोचा विदूषक त्यांना पैसे देऊन हाकलतो: साहेबांना तुमचं संगीत इतकं आवडलंय की कृपा करून आता वाजवू नका. ऐकू न येणारं काही असेल तर खुशाल वाजवा! हा प्रवेश सगळे आधी कापतात. तुम्हीही कापला असणार.

आणि मग चौथ्या अंकात डेस्डेमोना गाते. इयागोची बायको एमिलिया तिचे कपडे उतरवतेय, मधेच 'हे बाजूला ठेव', 'लवकर जा, ते येतीलच' असं चाललंय. गाणं तिचं नाहीच, आईच्या दासीचं, बार्बरीचं. त्या बार्बरीचा प्रियकर वेडा झाला, तिला टाकून गेला आणि ती हेच गात मेली. जुन्या लोकप्रिय गाण्यात रडणारा पुरुष आहे, इथे ती बाई झालीय. मधेच डेस्डेमोनाची ओळ चुकते. 'त्याला कुणी दोष देऊ नका' असं काहीतरी तोंडून जातं आणि ती थबकते: नाही, ही ओळ पुढची नाही. दार कोण वाजवतंय? एमिलिया म्हणते, वारा आहे. या दहा-बारा ओळींना पर्याय म्हणून कुठली धून लावणार?

कापायला आधार आहे म्हणा. १६२२च्या क्वार्टोत (नाटकाच्या लहान आकाराच्या छापील प्रतीत) हे गाणं नाही, १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात) आहे. तेव्हा स्त्रीभूमिका पोरंच करत, त्या गाणाऱ्या पोराचा आवाज फुटला असेल म्हणून काढलं, असा एक तर्क अभ्यासक करतात. पण क्वार्टोत मरताना एमिलियाचे 'विलो, विलो' हे शब्दही नाहीत. गाणं कापायचं तर तेही कापा. एक ठेवून दुसरं काढलं की काय होतं ते आमच्या प्रेक्षकांनी पाहिलंय. ते कसं घडलं, ऐका.

स्पर्धा कुठली ते लिहीत नाही, तिथली माणसं अजून भेटतात. तिच्या कार्यालयाच्या फॉर्ममध्ये रकाना होता: संगीतकाराचं नाव, पत्ता, संमतीपत्र. आम्ही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या जुन्या ल्यूटच्या (तंतुवाद्याच्या) हस्तलिखितातली चाल घेतली होती. (पहिल्या प्रयोगात हीच होती असं छातीठोक कुणी सांगू शकत नाही, पण काळ तोच.) 'संगीतकार अज्ञात' लिहिलं. 'अज्ञात चालत नाही.' मग 'पारंपरिक' लिहिलं. 'कुठली परंपरा? दाखला आणा.' चारशे वर्षांपूर्वीची चाल आहे म्हटल्यावर कार्यालयातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, 'मग वारसांची सही आणा.' हे सगळं तोंडी. लेखी नकार द्या म्हटलं तर साहेब रजेवर. शेवटी प्रयोगाच्या दिवशी 'गायन नको' असा निरोप आला आणि मुलीने ते गाणं कवितेसारखं म्हटलं. शेवटी एमिलिया मात्र 'विलो, विलो' गात मेली आणि मागच्या रांगा हसल्या. परीक्षकांनी शेरा मारला: संगीताचा वापर कमी. अजून आठवलं की डोकं फिरतं.

तेव्हा फॉर्म आजच बघा आणि जे विचारायचं ते ईमेलने विचारा. मी वकील नाही, पण मला कळतं ते असं: आपल्याकडे कॉपीराइटचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे चाल मोकळी आहे. मात्र आजच्या कुणी गायलेलं रेकॉर्डिंग मोकळं नाही, आजच्या संपादकाने लावलेली साथही नाही. मला विचाराल तर ग्रुपमधल्याच कुणाकडून नवी, साधी चाल बांधून घ्या. सही पाच मिनिटांत मिळते.

साथ नकोच. पेटी नको, तानपुरासुद्धा नको. कपडे उतरवले जात असताना हातात ल्यूट कुठून येणार? मुलगी सुरेल नसली तरी चालेल, पण ती नाट्यपद गायला लागली की थांबवा. तानेवर वन्समोर आला तर प्रवेश गेलाच. वेळ वाचवायचा तर इयागोच्या नादी लागलेल्या रॉड्रिगोला कात्री लावा, तो कुणाला फारसा आठवत नाही.

भाषांतर कोणतं घेताय ते लिहिलं नाहीत. देवलांचा 'झुंजारराव' (१८९०) हक्कांतून कधीच सुटलाय. शिरवाडकरांचं घेणार असाल तर ते १९९९ साली गेले, म्हणजे परवानगी लागणारच. ते पत्र तालीम सुरू व्हायच्या आधी पाठवा आणि पोच जपून ठेवा.