सात महिने, आठवड्याला बारा तास

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची, फ्रेंचमध्ये एम. ए. केलंय. फ्रान्समधल्या शाळेत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून माझी निवड झाली आहे. ऑक्टोबर ते एप्रिल, आठवड्याला बारा तास. अनुभव म्हणाल तर घरच्या शिकवण्यांचाच. आई म्हणते, गरम कपडे घे, बाकीचं होईल. मला मात्र वर्गाची धास्ती वाटते. तयारी कुठून सुरू करू?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : मनापासून अभिनंदन! मीही हेच काम करून आले आहे. कपडे शेवटी. स्वेटर तिथेही मिळतो, जन्मदाखला मिळत नाही. तिथल्या आरोग्यविम्याच्या नोंदणीला आई-वडिलांची नावं असलेला दाखला मागतात. माझ्या दाखल्यात नावाचा रकानाच कोरा होता आणि हे मला व्हिसाच्या गडबडीत कळलं. तुझा दाखला आज कपाटातून काढ, पासपोर्टशी अक्षरन् अक्षर ताडून बघ, मग अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घे. तिथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंदणी करायची असते, तीही विसरू नकोस.

पैशाचं सरळ सांगते. पगार महिन्याच्या शेवटी होतो आणि कागद उशिरा पोचले तर पहिला पगार पुढे ढकलला जातो. माझा ढकलला गेला. घर घ्यायला बँकेचं खातं लागतं, खातं उघडायला घराचा पत्ता लागतो. या फेऱ्यात माझे तीन आठवडे गेले. शेवटी शाळेतल्या एका शिक्षिकेने आपल्या घरी राहत असल्याचं पत्र दिलं तेव्हा सुटका झाली. दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेव. घरमालक जामीनदार मागतात. तिशीपर्यंतच्या भाडेकरूंसाठी 'व्हिजाल' नावाची मोफत हमी आहे, तिचा अर्ज घर शोधतानाच कर.

आता वर्ग. मी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या सँ-ब्रियो गावात होते, पंधरा ते अठरा वर्षांची मुलं. पहिल्या तासाला मी ताजमहाल, सण, मसाले अशी सुंदर चित्रं दाखवली आणि पंचवीस मिनिटं एकटीच बोलले. बारा मुलं, एक शब्द नाही. रात्री मी रडले.

पुढच्या तासाला मी फळ्यावर आपल्या लोकलचा इंडिकेटर काढला : के (म्हणजे कल्याण), एफ, वेळ आणि डब्यांचा आकडा. आणि एकच प्रश्न विचारला, ''मला भांडुपला उतरायचंय, ही गाडी पकडू का?'' मग गप्प बसले. ते गप्प बसणं फार कठीण गेलं, पण अर्ध्या मिनिटाने मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, ''एफ म्हणजे फास्ट? मग ती सगळीकडे थांबत नसेल.'' तिथून चर्चा पेटली. बायकांचा वेगळा डबा का, दारात का उभे राहतात, पडत नाहीत का! मुलं चुकत होती आणि बोलत होती. तुझं काम तेवढंच आहे. व्याकरण शिकवायला तिथे शिक्षक असतात. तू अर्धा वर्ग घेऊन त्यांना बोलतं करायचंस.

आपल्या उच्चारांची लाज बाळगू नकोस. एका मुलीने मला विचारलं, ''तुमचं इंग्रजी खरं इंग्रजी आहे का?'' मी म्हटलं, ''माझ्या शहरात रोज याच इंग्रजीत कामं होतात.'' तिला ते पटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हाच पटलं.

रविवारी छोट्या गावात दुकानं बंद, बस जवळजवळ नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून तू आपल्यापेक्षा साडेतीनऐवजी साडेचार तास मागे. संध्याकाळी लवकर अंधारतं आणि तू मोकळी होईस्तोवर आई झोपलेली असते. फोन दुपारच्या सुट्टीत करायचा असं आईशी आत्ताच ठरवून टाक. शनिवारी शिक्षकांपैकी कुणी बोलावलं तर नाही म्हणू नकोस, थकलेली असलीस तरी.

आणि निघण्याआधी एका सकाळी घाटकोपरला उतर. इंडिकेटरचा फोटो काढ. गाडीतली 'पुढील स्टेशन'ची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत रेकॉर्ड करून ठेव. ती ऐकून माझ्या वर्गातल्या मुलांनी आधी मराठी कुठली ते ओळखायचा खेळ मांडला होता. तुझ्या स्टेशनचं नाव त्यात येईल असा प्रवास निवड.