वाचकांचे प्रश्न : संशोधन पत्रिका ऑनलाइन काढताना

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची वनस्पतिशास्त्राची सहामाही संशोधन पत्रिका मराठी व इंग्रजी लेखांसह छापली जाते. पुढील अंकापासून ती ऑनलाइन आणि सर्वांना विनामूल्य द्यायची आहे. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ टाकणे पुरेसे आहे, की ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही पत्रिका चालवण्याची संगणकप्रणाली घ्यावी? ती खरोखर फुकट असते का?
— एक संपादक, सातारा जिल्हा

उत्तर : नुसती पीडीएफ टाकल्याने लेख वाचता येतो, परंतु शोधणाऱ्याला तो सापडेलच असे नाही, कारण लेखक, शीर्षक, सारांश आणि अंक यांची नोंद शोधयंत्रांना समजेल अशा स्वरूपात प्रत्येक लेखासोबत असावी लागते. ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही नोंद आपोआप पुरवते. शिवाय लेख स्वीकारणे, समीक्षकांकडे पाठवणे आणि अंक लावणे ही कामेही तिच्यातच होतात. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ मध्ये कॅनडात सुरू केलेल्या ‘पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट’ने ती तयार केली असून तिच्या वापराला परवाना शुल्क नाही.

फुकट आहे ती प्रणाली. तिचा सांभाळ मात्र फुकट नाही. सर्व्हरचे भाडे, नव्या आवृत्त्या बसवणे आणि नियमित बॅकअप ही कामे कोणाला तरी करावीच लागतात. जुनी आवृत्ती तशीच ठेवल्यास घुसखोरीचा धोका वाढतो. ही जबाबदारी उत्साही विद्यार्थ्यावर सोपवू नये. तो उत्तीर्ण होऊन गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो.

मराठी लेखांची अडचण निराळीच आहे. जुने अंक युनिकोड (प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला संकेतांक देणारी पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले असतील, तर पडद्यावर देवनागरी दिसली तरी आतली अक्षरे भलतीच असतात आणि शोध घेता येत नाही. त्यामुळे मजकूर आधी युनिकोडमध्ये आणून तपासावा. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात. शीर्षक व सारांश प्रणालीत दोन्ही भाषांत भरण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी.

छापील अंकाचा आयएसएसएन (नियतकालिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) ऑनलाइन आवृत्तीला चालत नाही. तिच्यासाठी दिल्लीतील आयएसएसएनच्या राष्ट्रीय केंद्राकडे वेगळा अर्ज करावा. डीओआयसाठी (लेखाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळख क्रमांक) तो नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेची वार्षिक वर्गणी आणि प्रत्येक लेखामागे शुल्क पडते, तेव्हा तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

प्रथम जुने दोन अंक चाचणीसाठी चढवून पाहावेत आणि दोघा प्राध्यापकांनी तरी हे काम शिकून घ्यावे.