बंदिवासातून मायदेशी परतल्याची कृतज्ञता हिब्रू स्तोत्रांत कुठे व्यक्त झाली आहे?

सर्वांत ठळकपणे ती स्तोत्रसंहितेतील (बायबलमधील हिब्रू स्तोत्रांच्या संग्रहातील) १२६व्या स्तोत्रात आढळते. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम आणि तेथील मंदिर उद्ध्वस्त करून अनेक यहुद्यांना बंदिवान म्हणून नेले. पुढे पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) याने इ.स.पू. ५३९मध्ये बाबेल जिंकल्यावर त्यांना परतण्याची मुभा मिळाली. स्तोत्रात बाबेलचे किंवा कोरेशाचे नाव नाही, त्यामुळे हा संदर्भ निर्विवाद म्हणता येत नाही. तरीही परंपरेने ते या पुनरागमनाशी जोडले आहे आणि मला ते योग्य वाटते.

स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे. सियोनेचे, म्हणजे यरुशलेमेचे, दिवस पालटले तेव्हा आपण जणू स्वप्नात होतो आणि मुखात हसू मावत नव्हते, असे लोक सांगतात. विशेष म्हणजे, परमेश्वराने यांच्यासाठी महान कृत्ये केली, ही कबुली आधी परक्या राष्ट्रांच्या तोंडी येते आणि मगच इस्राएल ती स्वतः उच्चारतो. चौथ्या वचनात मात्र एकदम विनवणी आहे: नेगेवच्या कोरड्या प्रदेशातील ओढ्यांप्रमाणे आमचे दिवस पुन्हा पालटव. परतलेल्यांच्या वाट्याला पडके शहर आले होते आणि दुसरे मंदिर पूर्ण व्हायला इ.स.पू. ५१५च्या सुमाराचा काळ उजाडला, हे ध्यानात घेतले की आभारांपाठोपाठ आलेली ही याचना विसंगत वाटत नाही. अश्रू ढाळीत पेरणारे हर्षाने कापणी करतील, हे आश्वासनही त्याच परिस्थितीतून आलेले दिसते.

शब्बाथ (यहुद्यांचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस) आणि सणांच्या दिवशी, भोजनोत्तर आभारप्रार्थनेपूर्वी, अनेक यहुदी घरांत हे स्तोत्र आजही गायले जाते.