जुन्या जिप्सीचं इंजिन वायरिंग घरी बांधता येतं का, आणि उतरवलेले पार्ट कशाने धुवावेत?

रत्नागिरीत 2003 ची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) मारुती जिप्सी किंग, इंजिन खाली उतरवलेलं, वायरिंग कडक होऊन तडकलेलं, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलेलं, आणि इलेक्ट्रिशियन म्हणतोय, ‘सगळं कापून टाकू, नवीन ओढू.’ तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं: घरी बांधता येतं, पण कापू मात्र देऊ नका. मी पेशाने मेकॅनिक नाही, पुण्यात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या मारुत्यांमध्ये हात काळे करतो. त्या भरवशावर लिहितोय.

कापायचं का नाही? कार्ब्युरेटरच्या जिप्सीत इंजिनाकडे जाणाऱ्या वायरी बोटांवर मोजण्याइतक्या. त्या अंदाजाने ओढल्या तरी गाडी चालते. तुमच्या गाडीला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आहे, चार इंजेक्टर आहेत, थ्रॉटलचा सेन्सर, इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर, कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर आहे. थ्रॉटल आणि मॅपसारख्या सेन्सरना ईसीयू 5 व्होल्ट पुरवतो, आणि परत येणाऱ्या सिग्नलमध्ये पाव व्होल्ट इकडचा तिकडे झाला तरी पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. मॅन्युअलमधल्या आकृतीत कोणती वायर कोणत्या पिनला जाते ते कळतं. पण फांदी कुठे फुटते, तिची लांबी किती, इंजिन हलेल म्हणून किती ढील ठेवली आहे, जोड नेमका कुठे आहे, हे त्यात नसतं. ते फक्त जुन्या वायरिंगमध्ये असतं. ते भंगारात गेलं की नकाशाच गेला.

म्हणून पहिलं काम फळीचं. आठ बाय चारची जुनी प्लाय घ्या, वायरिंग गाडीत जसं बसतं तसं तिच्यावर पसरा, प्रत्येक वळणाला आणि फांदीला दोन्ही बाजूंनी खिळे ठोका, कपलरच्या, म्हणजे वायरींच्या टोकाच्या प्लास्टिक प्लगच्या, जागी नाव लिहा. मारुतीला वायरिंग पुरवणाऱ्या मदरसनसारख्या कारखान्यांतही वायरिंग अशाच मोठ्या फळ्यांवर बांधतात, फक्त त्यांच्या फळ्या देखण्या असतात. कागदी चिठ्ठ्या लावू नका, डिझेलचा हात लागला की अक्षर पुसतं. मास्किंग टेपवर लिहून वरून पारदर्शक टेप गुंडाळा. आणि फोटो काढताना प्रत्येक कपलर समोरून आणि मागून असा दोन्हीकडून घ्या. मागून पाहिलं की पिनांचा क्रम उलटा दिसतो, आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

मग टेप सोडवा. माझा अंदाज असा की आतलं बरंचसं वायरिंग तुम्हाला शाबूत सापडेल. रंग टवटवीत, इन्सुलेशन मऊ. कडक झालेला भाग बहुधा एक्झॉस्टजवळचा आणि कपलरच्या मागची वीतभर लांबी. संशय असलेली वायर बोटाभोवती घट्ट वळवून बघा. तडा गेला तर बदलायची, नाही गेला तर ठेवायची. शाबूत वायर उगाच बदलण्यात काही शहाणपण नाही, कारखान्यातला क्रिंप (टर्मिनल वायरीवर दाबून केलेला जोड) तुमच्यामाझ्या क्रिंपपेक्षा चांगलाच असतो.

तुमच्याकडे खरा शत्रू खारी हवा. तांब्यावर चढलेला हिरवा कळंक कपलरपाशी थांबत नाही. ओल तारांमधून वर चढते आणि बाहेरून धडधाकट दिसणारी वायर आतून काळी पडलेली असते. टोक सोलून बघा. तांबं चकाकत नसेल तर दोन बोटं मागे कापा, पुन्हा बघा, चकाकतं तांबं लागेपर्यंत मागे जा. काळ्या तांब्यावर ना क्रिंप धरतो, ना डाख (सोल्डर). उंदरांनी कुरतडलेल्या ठिकाणीही हेच. तिथे नुसती टेप गुंडाळून भागवलं तर पुढच्या पावसाळ्यात कळंक आत शिरलेला असेल.

वायर घेताना घरगुती वायर घेऊ नका. तिचं साधं इन्सुलेशन 70 अंशांपर्यंतचं, आणि बॉनेटखाली एक्झॉस्टच्या बाजूला त्याहून बरंच जास्त तापतं. गाडीची वायर मागा, आणि गरम भागासाठी क्रॉसलिंक इन्सुलेशनची, 105 किंवा 125 अंशांची. जाडी जुन्या वायरीइतकीच ठेवा: सेन्सरला साधारण 0.5 चौरस मिमी, इंजेक्टरला 0.5 ते 0.85, मुख्य पुरवठ्याला 2 किंवा त्याहून जास्त. दुकानात बऱ्याचदा 14/0.30 असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 0.30 मिमी जाडीच्या 14 तारा, म्हणजे जवळपास 1 चौरस मिमी. एक सावधगिरी. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते आणि स्वस्त म्हणून माथी मारली जाते. एक तार ब्लेडने खरवडून बघा, आतून पांढरी निघाली तर परत द्या. पुण्याला येणं झालं तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईला लॅमिंग्टन रोड. श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून जोडावर घट्ट बसणारी नळी) आणि किरकोळ सामान तिथे मिळतं. कपलर मात्र कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा एखाद्या मोडीत निघालेल्या मारुतीवरून शेपटीसकट कापून आणलेले बरे.

आता वादाचा मुद्दा: क्रिंप की डाख? तुमचा इलेक्ट्रिशियन डाखच देईल, आणि तो म्हणेल की गेली वीस वर्षं देतोय. घराच्या रेडिओत डाख उत्तम. इंजिनावर मात्र वितळलेलं कथील तारांमधून आत चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपतो आणि मऊ सुरू होतो तिथे इंजिनाच्या थरथरीने तारा एकेक करून तुटतात. टर्मिनलला दोन जोड्या पाकळ्या असतात, पुढची तांब्यावर दाबायची, मागची इन्सुलेशनवर. मागची जोडीच थरथर झेलते. पक्कडीने चेपून हे होत नाही, उघड्या पाकळ्यांसाठीची क्रिंपिंग पक्कड घ्यावीच लागते. क्रिंप झाला की वायर हाताने ओढून बघा, निसटली तर आत्ताच निसटलेली बरी. मधले जोड द्यायचे असतील तर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब लावा, आणि चार जोड एकाच जागी आणू नका, पुढेमागे ठेवा. नाहीतर अजगराने काही गिळल्यासारखा फुगवटा येतो आणि फायरवॉलच्या रबरातून तो जात नाही.

कपलरमधून पिन काढताना ओढाओढ करू नका. आत एक बारीक खटका असतो, बऱ्याच कपलरना वरून आणखी एक प्लास्टिकचं कुलूप असतं. ते आधी उघडायचं, मग खटका दाबायचा. छत्रीची काडी घासून चपटी केली की छान अवजार होतं. टर्मिनलवरचा हिरवेपणा जायला कोमट पाण्यात लिंबूफूल घालून त्यात थोडा वेळ बुडवा, मग साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. पितळेची भांडी घासायची पावडर वापरू नका, तिची कचकच खाचेत अडकून राहते.

अर्थबद्दल, म्हणजे अर्थिंगच्या वायरींबद्दल, जरा सविस्तर, कारण गाड्या इथेच रुसतात. सेन्सरचा अर्थ आणि इंजिनाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेन्सरचा अर्थ ईसीयूकडे जातो, बॉडीला नाही. काळी दिसली म्हणून ती वायर जवळच्या बोल्टला जोडली की हेडलाइट किंवा पंखा चालू होताना सेन्सरचं रीडिंग हलतं आणि आयडलिंग खालीवर होतं. मग लोक सेन्सर बदलत बसतात. तसंच जाळी असलेली वायर असेल तर जाळी एकाच टोकाला, ईसीयूच्या बाजूला अर्थ करायची. दोन्हीकडे केली तर तिचा उपयोग संपला.

बांधून झालं की गुंडाळायच्या आधी तपासा. मल्टीमीटरच्या ‘टूं’वर विश्वास नको, सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी तो टूं करतो. वायरीची दोन्ही टोकं मोकळी करा, ईसीयू काढून बाजूला ठेवा, आणि त्या वायरीतून 21 वॉटचा इंडिकेटरचा बल्ब पेटवा. साधारण पावणेदोन अँपिअर वाहतील. आता वायरीच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजा. 0.5 चौरस मिमीच्या दोन मीटर वायरीवर 0.13 व्होल्टच्या आसपास यायला हवा, 0.3 च्या वर गेला तर कुठेतरी क्रिंप कच्चा आहे. मग सेन्सर: कूलंटचा सेन्सर 20 अंशांना साधारण 2 ते 3 किलोओहम दाखवतो, गरम पाण्यात 80 अंशांना तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. चहाच्या पातेल्यात करून बघता येतं, पातेलं मात्र नंतर घरात परत देऊ नका. गुंडाळायला चकचकीत पीव्हीसी टेप टाळा, उन्हाळ्यात ती चिकट होऊन घसरते. कापडी हार्नेस टेप घ्या, आणि वरून चीर असलेली नालीदार ट्यूब.

आता धुण्याकडे. यात एकच गोष्ट खरी महत्त्वाची. तुमच्या जी13बीबी इंजिनाचा हेड तर अॅल्युमिनियमचा आहेच, ब्लॉकही अॅल्युमिनियमचा आहे, आत लोखंडी लायनर. मशीन शॉपमध्ये बिडाचे ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत उकळतात. तुमचा ब्लॉक त्या टाकीत गेला तर कॉस्टिक अॅल्युमिनियम खातं आणि फेस येत राहतो. जिप्सीचं जुनं 970 सीसीचं इंजिन बिडाच्या ब्लॉकचं होतं, त्यामुळे ‘जिप्सीचाच आहे ना, टाका’ असं म्हणणारा भेटू शकतो. तोंडी सांगू नका, ब्लॉकवर मार्करने लिहा. मोरी मोकळी करायच्या पावडरीतही कॉस्टिकच असतं, तीही नको.

डिझेल आणि ब्रश घेऊन पहिला जाड थर काढा, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण किंवा अॅल्युमिनियमला चालणारा डिग्रीजर. पेट्रोलने धुणारे अजून आहेत. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि पलीकडच्या खोलीतल्या ठिणगीनेही पेट घेते, तेव्हा नाहीच. गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने काढा. ग्राइंडरला लावायची ती खरखरीत जाळीची चकती अॅल्युमिनियमवर दोन मिनिटांत चकाकी आणते खरी, पण तिची भुकटी ऑइल गॅलरीत गेली की बेअरिंगची वाट लागते. छर्रे मारून साफ करण्याचं, म्हणजे ब्लास्टिंगचंही तसंच. ब्रॅकेट, पुली, माउंटिंग खुशाल द्या. इनटेक मॅनिफोल्ड आणि टॅपेट कव्हर देऊ नका, त्यांच्या आतल्या कप्प्यांत छर्रे लपतात आणि इंजिन सुरू झाल्यावर बाहेर येतात. इंजेक्टर टेस्ट बेंच असलेल्या माणसाकडून अल्ट्रासॉनिकने साफ करून घ्या, सुई घालून नाही. परत बसवताना ओ-रिंग नव्याच.

गंजलेले साधे बोल्ट आणि क्लिपा धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून स्वच्छ होतात. पार्ट ऋण टोकाला, लोखंडाचा तुकडा धन टोकाला. काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. धन टोकाला स्टीलचा चमचा लावू नका, स्टेनलेसमधलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. अॅल्युमिनियमचे पार्ट यात घालायचे नाहीत. झिंक प्लेटिंग करून हवं असेल तर साधे बोल्ट द्या, हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे नाही. ताकदीच्या बोल्टमध्ये प्लेटिंगचा हायड्रोजन शिरला की ते ठिसूळ होतात.

तुमच्या हवेत आणखी एक. धुतलेल्या ब्लॉकच्या लायनरवर पाहता पाहता तांबूस थर येतो, जुलैत तर टॉवेल वाळायच्या आत. पाणी निपटलं की लगेच इंजिन ऑइलचा हात फिरवा आणि ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

आणि ब्रॅकेट, इंजिन, चासी रंगवून झाले की अर्थच्या जागा विसरू नका. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही. अर्थच्या वायरीच्या टोकाची धातूची कडी, म्हणजे थिंबल, जिथे बसतो तेवढं गोल धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट करा, मग वरून ग्रीस. इंजिन ते चासीची जाड अर्थपट्टी जुनी असेल तर नवीनच टाका. स्टार्टर फिरताना बॅटरीचं ऋण टोक आणि ब्लॉक यांच्यात 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना धन वायरीत तोच 21 वॉटचा बल्ब मध्ये घाला, चावी बंद, ईसीयू अजून बाहेर. बल्ब भगभगून पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि काहीही जळलेलं नाही. विझलेला राहिला किंवा जेमतेम लाल झाला तर बल्ब काढा, फ्यूज घाला, मग ईसीयू. इलेक्ट्रिशियनला नाराज करायचं कारण नाही. स्टार्टरची आणि अल्टरनेटरची जाड केबल, तिचे थिंबल, हे काम त्यालाच द्या, त्याच्याकडे मोठं दाबयंत्र असेल. ईसीयूच्या कपलरचा मागून काढलेला फोटो इथे टाकलात तर कोणत्या काळ्या वायरी सेन्सरच्या आहेत ते बघून सांगतो.